विश्लेषण : संगणक दुरुस्तीला देताना भरवसा कशावर ठेवावा?

बंद पडलेला लॅपटॉप दुकानात नेला, कारागिराने तो पाच मिनिटे पाहिला आणि 'मदरबोर्ड गेला' असे सांगितले. हे निदान खरे आहे की नाही, हे तपासण्याचे साधन बहुतेक ग्राहकांकडे नसते. त्यात लॅपटॉपसोबत बँकेचे तपशील, आधार कार्डाच्या प्रती, घरच्यांचे फोटो आणि कार्यालयाची कागदपत्रेही दुकानात जातात. जुने संगणक आणखी दोन-तीन वर्षे चालवण्याकडे कल वाढत असताना विश्वासू दुरुस्ती कुठे मिळेल, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. त्याचे उत्तर चांगला माणूस शोधण्यापुरते नाही. व्यवहाराची लेखी नोंद आणि विदेची प्रत आपल्याकडे असणे, यावर ते अधिक अवलंबून आहे.

दुरुस्तीचा प्रश्न आताच का?

याची दोन कारणे आहेत. 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित मोफत पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. 'विंडोज ११'साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक एका दिवसात 'जुने' ठरले.

दुसरे कारण रॅमचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपची मागणी वाढल्याने २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रूशियल' या नावाने ग्राहकांना थेट विकली जाणारी रॅम आणि एसएसडी यांचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. नवा संगणक महाग आणि जुन्याचे सुटे भागही महाग, अशा वेळी दुरुस्तीवाल्याचा सल्ला मोठ्या रकमेचा ठरतो. 'आता हा निकामी झाला, नवाच घ्या' हे ऐकल्यावर घाई करू नये, ती यासाठी.

ग्राहक कुठे कमी पडतो?

तीन ठिकाणी. पहिले ठिकाण निदानाचे. संगणक संथ चालण्यामागे जुनी हार्ड डिस्क, अपुरी रॅम, पंख्यात साचलेली धूळ किंवा सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे डझनभर प्रोग्राम, यांपैकी काहीही असू शकते. अनेकदा नेमके कारण न शोधता थेट 'फॉरमॅट' मारला जातो. त्याने चार दिवस संगणक वेगाने चालतो, पण धूळ आणि थकलेली डिस्क तशीच राहते.

दुसरे ठिकाण सुट्या भागांचे. मूळ कंपनीचा, दुसऱ्या कंपनीचा पण जुळणारा आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेला, असे तीन प्रकारचे भाग बाजारात मिळतात. तिन्ही वापरणे गैर नाही. तिसऱ्या प्रकारचा भाग पहिल्याच्या भावाने लावणे मात्र फसवणूक आहे. आतला चांगला भाग काढून हलका बसवला जाण्याची भीतीही ग्राहकांना असते आणि रॅम महागल्यावर ती अनाठायी म्हणता येणार नाही.

तिसरे ठिकाण विदेचे, म्हणजे संगणकातील वैयक्तिक माहितीचे. बिल जास्त लागले तर नुकसान रकमेपुरते राहते. फोटो किंवा पासवर्ड बाहेर गेले, तर ते परत आणता येत नाहीत.

माहितीचा धोका किती खरा?

कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. लॅपटॉपमध्ये आवाजाचा किरकोळ बिघाड मुद्दाम करून ते वेगवेगळ्या दुकानांत दुरुस्तीला दिले गेले. कोणती फाइल उघडली जाते, याची नोंद आत गुपचूप होत होती. त्या बिघाडाचा आणि फायलींचा काहीही संबंध नव्हता. तरीही काही ठिकाणी वैयक्तिक फोटो आणि कागदपत्रे पाहिली गेली, काही ठिकाणी त्यांची नक्कलही केली गेली. मोठे दुकान म्हणजे सुरक्षित, असेही या चाचणीत दिसले नाही.

यातून सगळेच कारागीर संशयित ठरत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत हा व्यवसाय तोंडी ओळखीवर उभा आहे आणि नाव गेले तर गिऱ्हाईक तुटते, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. पण संगणक आत नेल्यावर टेबलावर कोण बसणार, हे ग्राहकाला कळत नाही. म्हणून माहिती संगणकासोबत न देणे, हा सर्वांत साधा उपाय.

दुकान निवडताना काय पाहावे?

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे जावे. केंद्राचा पत्ता आणि क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा खरेदीच्या कागदांवरूनच घ्यावा. वॉरंटी संपल्यावर मात्र अधिकृत केंद्र नेहमीच फायद्याचे नसते. तिथे बहुधा पूर्ण मदरबोर्ड बदलला जातो, तर 'चिप लेव्हल' काम करणारा कुशल कारागीर बिघडलेला एकच भाग बदलून तोच बोर्ड चालू करू शकतो.

स्वतंत्र दुकानात पुढील प्रश्न विचारावेत. तपासणीचे शुल्क किती आणि दुरुस्ती केली नाही तर ते लागेल का? अंदाजे खर्च लेखी मिळेल का? भाग नवा की वापरलेला? कामावर किती दिवसांची हमी? काढलेला जुना भाग परत मिळेल का? काम दुकानातच होते की दुसरीकडे पाठवले जाते? या प्रश्नांनी चांगला कारागीर नाराज होत नाही. 'तुम्ही काळजी करू नका' एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरे दुकान पाहावे. खर्च मोठा असेल तर दुसरीकडूनही निदान करून घ्यावे. एका तपासणीचे शुल्क चुकीच्या मदरबोर्डपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

देण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

संगणक सुरू होत असेल, तर आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. ब्राउझरमधील साठवलेले पासवर्ड काढावेत, ई-मेल आणि इतर खात्यांतून बाहेर पडावे. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून 'टास्क मॅनेजर' उघडावा. त्यातील 'परफॉर्मन्स' विभागात रॅम किती, तिचा वेग किती आणि डिस्क कोणत्या मॉडेलची, हे दिसते. या पडद्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि संगणक परत घेताना दुकानातच तो ताडून पाहावा. बाहेरच्या बाजूचा अनुक्रमांक आणि आधीचे ओरखडे यांचाही फोटो असावा.

कीबोर्ड, स्क्रीन, बॅटरी किंवा पंखा बदलायला रोजच्या खात्याचा पासवर्ड सहसा लागत नाही. चाचणीसाठी लागणारच असेल, तर त्यापुरते वेगळे साधे खाते उघडून द्यावे. डिस्क सहज निघणारी असेल, तर ती आपल्यासमोर काढून घेऊन बाकीचा लॅपटॉप देता येतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. 'विंडोज ११'च्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट झालेली असते. मदरबोर्ड बदलला की संगणक 'रिकव्हरी की' हा ४८ अंकी क्रमांक मागतो. तो मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेला असतो. त्याच खात्याचा पासवर्ड आठवत नसेल, तर दुरुस्त झालेल्या संगणकातील फायलीही मालकाला उघडता येत नाहीत. म्हणून हा क्रमांक आधीच कागदावर उतरवून घ्यावा.

फोनवरून मिळणारी मदत सुरक्षित असते का?

पडद्यावर अचानक 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा' असा संदेश येतो. आवाज वाजत राहतो, खिडकी बंद होत नाही. हा सापळा असतो. आपल्या इशारा-संदेशांत फोन क्रमांक दिला जात नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. त्या क्रमांकावर बोलणारी व्यक्ती दूरून संगणक हाताळण्याचे अ‍ॅप घ्यायला लावते आणि मग बँक खात्यापर्यंत पोहोचते. सीबीआयने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र-२'मध्ये अशा बनावट तांत्रिक मदत केंद्रांवरही छापे घातले होते.

असा संदेश आल्यास संगणकाचे इंटरनेट तोडावे आणि तो बंद करून पुन्हा सुरू करावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. सर्च इंजिनवर सापडलेला 'कस्टमर केअर'चा क्रमांकही पडताळल्याशिवाय वापरू नये.

दुकानाची वेळ टळावी म्हणून घरी काय करावे?

बऱ्याच बिघाडांचे मूळ उष्णता, धूळ आणि वीज यांत असते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवला की हवा जाण्याच्या जाळ्या झाकल्या जातात. पंख्याचा आवाज वाढला आणि तळ नेहमीपेक्षा गरम होऊ लागला, तर आतील सफाई आणि थर्मल पेस्ट बदलणे ही कामे करून घ्यावीत. डेस्कटॉपला यूपीएस आणि घराला व्यवस्थित अर्थिंग हवे. पावसाळ्यात विजा कडाडत असताना चार्जर आणि इंटरनेटची तार काढून ठेवणे शहाणपणाचे.

दिवसभर चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय अनेक कंपन्या देतात, ती चालू करावी. टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ फुगला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी चार्जिंग आणि वापर लगेच थांबवावा. चहा सांडल्यास चार्जर काढून लॅपटॉप तत्काळ बंद करावा आणि 'चालतो का' म्हणून पुन्हा सुरू करून पाहू नये. तांदळात ठेवण्याने आतला ओलावा आणि साखर जात नाही.

विंडोजमध्ये अँटिव्हायरस आधीपासून असतो. तो आणि प्रणालीची अद्ययावतता चालू ठेवली, तर 'संगणक वेगवान करणाऱ्या' मोफत सॉफ्टवेअरची गरज नसते. हार्ड डिस्क टिकटिक करू लागली किंवा फायली उघडेनात, तर कोणताही प्रयोग न करता आधी प्रत घ्यावी. एसएसडी मात्र अनेकदा काहीच पूर्वसूचना न देता बंद पडते. त्यामुळे महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातील एक घराबाहेर किंवा क्लाउडवर, हा जुना नियम आजही लागू आहे.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

हार्ड डिस्कवर चालणारा संगणक संथ झाला असेल, तर एसएसडी बसवल्याने सर्वाधिक फरक पडतो. 'विंडोज ११' चालत नसेल, तरी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत 'विंडोज १०'ला सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग जोडल्यास ती मोफत मिळते. केवळ इंटरनेट आणि लेखनासाठी वापर असेल, तर लिनक्सचाही पर्याय आहे. बोर्ड, स्क्रीन आणि बॅटरी असे दोन-तीन मोठे भाग एकदम गेले, तर मात्र जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नसतो. मग डिस्क काढून घ्यावी किंवा तिच्यातील माहिती पूर्ण पुसून संगणक ई-कचरा केंद्राला द्यावा.

फसवणूक झाली तर कायदा काय सांगतो?

दुरुस्तीच्या हक्काचा स्वतंत्र कायदा देशात अद्याप नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' संकेतस्थळ सुरू केले. वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे दाखवणाऱ्या निर्देशांकाचाही प्रस्ताव आहे, पण त्याचा पहिला भर मोबाइल आणि टॅब्लेटवर आहे.

असे असले तरी ग्राहकाचे हात रिकामे नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते. बिल किंवा पावती न देणे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती इतरांना उघड करणे, या दोन्ही गोष्टी या कायद्यातील 'अनुचित व्यापारी प्रथे'च्या व्याख्येत येतात. माहिती उघड करण्याला कायद्याने ठरवून दिलेले अपवाद आहेत, पण दुरुस्तीवाल्याचे कुतूहल त्यात बसत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार ताब्यात दिलेल्या वस्तूची वाजवी काळजी घेणे दुकानदारावर बंधनकारक आहे. मात्र केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा हक्कही तोच कायदा त्याला देतो. म्हणून खर्च लेखी मंजूर केल्याशिवाय काम सुरू करू न देणे दोघांच्याही हिताचे.

तक्रारीची पहिली पायरी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक. तिथे तोडगा निघाला नाही, तर 'ई-जागृती' संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर त्यासाठी शुल्क नाही. आयोगापुढे जॉब शीट, लेखी अंदाजपत्रक, बिल आणि देण्यापूर्वीचे फोटो हेच पुरावे ठरतात. संगणक काउंटरवर ठेवण्याआधी त्यासाठी दहा मिनिटे काढावी लागतात.