भीती टॉवरची, मोबाइल कानाला

गल्लीत टॉवर येणार अशी नुसती कुणकुण लागली की काय होतं, हे अमळनेरकरांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी ओट्यावर बैठक बसते, निवेदनावर सह्या होतात, ‘कॅन्सर होतो म्हणे’ हे घरोघरी पोहोचतं. गंमत म्हणजे ते पोहोचतं मोबाइलवरूनच! आणि त्याच गल्लीतली पोरं ‘काय भो, घरात रेंजच नाही’ म्हणत गच्चीवर फोन कानाला लावून उभी असतात.

मित्रांनो, इथेच गणित चुकतं. मोबाइल नुसता ऐकत नाही, तो स्वतः लहरी सोडतो. टॉवर लांब असला किंवा मध्ये जाड भिंती आल्या की तिथवर पोहोचायला तो जोर वाढवतो. उलट टॉवरपासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याच्या लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. म्हणजे लांबच्या टॉवरपेक्षा रेंजचा एकच दांडा असताना कानाला चिकटवलेला फोन आपल्या डोक्याला जास्त लहरी देतो.

या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. त्या पेशीतले रेणू तोडत नाहीत. सिद्ध झालेला परिणाम आहे तो शरीर किंचित तापण्याचा. म्हणून मर्यादा ठरवल्या गेल्या. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात फोनसाठी ‘सार’ मूल्याची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे, तीही शरीराच्या एक ग्रॅम ऊतकावर मोजलेली. टॉवरसाठीची मर्यादा त्याच दिवसापासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली गेली.

मग भीती सगळी खोटी का? तसंही नाही. २०१० मध्ये आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी टॉवरच्या लहरींवरचा अहवाल दूरसंचार विभागाला दिला आणि देशभर चर्चा पेटली. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ गटात टाकलं. त्याचा अर्थ ‘कॅन्सर होतोच’ असा नव्हे, तर ‘पुरावा अपुरा आहे, शंका मिटलेली नाही’ असा. २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. हा दिलासा आहे, पण नियम पाळले जातात की नाही हे विचारणं सोडायचं, असा त्याचा अर्थ नाही.

फक्त विचारायची रीत हवी. अभिनेत्री जुही चावला २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दावा फेटाळला गेला, वर २० लाखांचा दंड बसला. तो पुढे २ लाखांवर आला. धडा सरळ आहे: आधी माहिती, मग मागणी. केंद्राच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर पाहता येतात, मोजणीची मागणीही करता येते. शंभर सह्यांपेक्षा मोजणीचा एक आकडा जास्त बोलतो.

आणि घरचं काम? बहुतेक फोनमध्ये *#०७# दाबलं की ‘सार’ मूल्य दिसतं, ते बघा. लांबलचक गप्पा असतील तर इअरफोन किंवा स्पीकर वापरा. रेंज कमी असेल तर बोलणं आवरा, मेसेज करा. लहान भावंडांच्या हातात तासन्‌तास फोन देऊ नका. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

१९१६ मध्ये ज्या गावात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, त्या गावाला प्रश्न विचारायचं वावडं नसावं. पुढच्या बैठकीत सहीचा कागद समोर आला, तर पेन उचलण्याआधी एवढंच विचारा: ‘भाऊ, मोजलं का?’