हिरवा प्रकाश काय दाखवतो?

मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली की ‘हिरव्या प्रकाशाचे तंत्र’ हा शब्द आता नातेवाइकांच्याही कानावर पडतो. कर्करोगाच्या पेशी त्यात चमकतात आणि डॉक्टर त्या वेचून काढतात, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे.

या तंत्रात इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून देतात. तो नवा नाही. अमेरिकेत त्याला १९५९ मध्येच मान्यता मिळाली. रक्तातील प्रथिनांना चिकटून तो शरीरात फिरतो. खास कॅमेऱ्यातून अवरक्त प्रकाश टाकला की रक्त पोहोचलेला भाग पडद्यावर उजळतो, न पोहोचलेला काळा राहतो. म्हणजे आतड्याच्या शस्त्रक्रियेत हा रंग प्रामुख्याने रक्तपुरवठा दाखवतो, कर्करोग नव्हे.

तरीही त्याचे मोल आहे. गाठ काढल्यावर आतड्याची दोन टोके जोडतात. हा जोड गळला तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते, प्रसंगी जीवही जातो. आजार पुढच्या टप्प्यातला असेल, तर केमोथेरपीही लांबते. रक्त न पोहोचणारा भाग आधीच दिसला, तर सर्जन तो कापून मगच जोड देतो.

पुरावा मात्र एकमुखी नाही. जपानमध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या सुमारे साडेआठशे रुग्णांच्या चाचणीत रंग न वापरलेल्या गटात ११.८ टक्के, तर वापरलेल्या गटात ७.६ टक्के जोड गळले. अमेरिकेतील ३४७ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांत हे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपासच राहिले. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ती चाचणी मुदतीआधी थांबली. यात आश्चर्य नाही. जोडावरचा ताण, कुपोषण, धूम्रपान, आधी घेतलेले रेडिएशन यांनीही जोड गळतो. ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

कर्करोगाच्या पेशींनाच चिकटणारे रंग वेगळे. नेदरलँड्समधील सुरुवातीच्या छोट्या अभ्यासात अशा रंगामुळे काही रुग्णांच्या शस्त्रक्रियेचा बेत बदलला. पण निरोगी भागही कधी चमकतो, म्हणून अंतिम निर्णय पॅथॉलॉजी तपासणीचाच.

त्यामुळे केवळ हा कॅमेरा नाही म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. सर्जन अशा शस्त्रक्रिया नियमित करतात का, आधी एमआरआय झाला का, तात्पुरता स्टोमा लागेल का, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे. रंग वापरणार असतील, तर आयोडीनची ॲलर्जी असल्यास ती जरूर सांगावी.