बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन स्वतः बसवताय? ड्रिलआधी टेप हातात घ्या

व्हिडिओत पाहिलं तर हे काम दहा मिनिटांचं वाटतं. भिंतीला यू-चॅनल लावायचं, त्यात काच सरकवायची, कडेनं सिलिकॉन फिरवायचं. काचवाल्याची मजुरी वाचते आणि ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये स्क्रूसुद्धा मोजून आलेले असतात. त्यामुळे नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले अनेक जण एखाद्या रविवारी हे काम स्वतःच काढतात.

काढावं का? एका जागी स्थिर राहणारी काच असेल तर जरूर. बिजागरीचं दार असेल तर नको. प्रश्न हाताच्या कसबाचा कमी आणि काचेच्या स्वभावाचा जास्त आहे.

ही काच नंतर कापता येत नाही

शॉवरसाठी टफन्ड काचच हवी. साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड केली, की तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. फुटली तरी सुऱ्यासारखे लांब तुकडे न होता तिचे खड्यांसारखे बारीक तुकडे होतात. पण याच ताणामुळे ती नंतर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. तसा प्रयत्न केला तर अख्खी काच एका क्षणात चुरा होते. म्हणजे कारखान्यात दिलेलं माप चुकलं, की काचेचे सगळे पैसे पाण्यात.

आणि माप चुकायला आपल्याकडे भरपूर वाव आहे. परदेशी व्हिडिओंत काच बहुतेकदा शॉवर ट्रेच्या सपाट कडेवर उभी असते. आपल्या बाथरूमची फरशी जाळीकडे उतरती असते. १०० ला १ इतका माफक उतार धरला तरी ९०० मिलिमीटर रुंद काचेखाली एका टोकाला ९ मिलिमीटरची फट पडते. ती सिलिकॉननं बुजवायला गेलं तर महिन्याभरात काळी पडून सुटायला लागते. त्यापेक्षा काचेच्या रेषेत कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी लेव्हलमध्ये बसवून घ्यावी आणि माप त्यानंतरच घ्यावं. पट्टीचं काम मिस्त्रीचं आहे, तिथे पैसे वाचवू नयेत.

भिंतही ओळंब्यात असेलच असं नाही. म्हणून रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत कमी भरेल ती धरावी. उरलेला फरक यू-चॅनल पोटात घेतं.

ऑर्डर देताना काचेच्या कोपऱ्यात आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा शिक्का असेल, याची खात्री करून घ्यावी.

वजनाचा अंदाज बहुतेकांना नसतो. ८ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला २० किलो भरते. ९०० बाय २००० मिलिमीटरचा पत्रा म्हणजे ३६ किलो, तेही ओल्या टाइल्सवर, अरुंद दारातून. दोन माणसं लागतातच. टफन्ड काच मधोमध दणका सोसते, पण कड आणि कोपरा हा तिचा कच्चा दुवा. कोपरा थेट टाइलवर टेकला तरी ती फुटू शकते. खाली रबर किंवा लाकडी पट्ट्या अंथरून ठेवाव्यात, बूट, हातमोजे आणि चष्मा घालावा. अनवाणी काच उचलण्यात कसली आली बहादुरी!

टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून टाइलचंच बिट वापरावं. नळाच्या आणि गिझरच्या सरळ वर-खाली पाइप असण्याची शक्यता जास्त, तिथे ड्रिल लावूच नये. फरशीला तर भोक पाडूच नये. खालचं वॉटरप्रूफिंग फाटलं, तर त्याची ओल सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या छतावर दिसते आणि भांडण सोसायटीच्या बैठकीत जातं. खालचं चॅनल सिलिकॉननं चिकटवलेलं पुरतं.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्यावं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन संगमरवराला आणि धातूला खातं. लावल्यावर किमान २४ तास शॉवर बंद.

दार का नको?

स्थिर काचेचं वजन तळाच्या पट्टीवर विसावतं. दाराचं सगळं वजन दोन बिजागऱ्यांवर लोंबकळतं आणि प्रत्येक उघडझापीला भिंतीतले स्क्रू ओढले जातात. पोकळ विटांच्या भिंतीत साधे प्लग त्यापुढे फार दिवस टिकत नाहीत. दार फॅब्रिकेटरकडूनच बसवून घ्यावं, आणि ते बाहेरच्या बाजूला उघडेल असंच सांगावं. आत कुणी घसरून पडलं, तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर मात्र काच मागवण्याआधी गिझर बाहेर हलवावा. बंदिस्त जागेत त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. छतापर्यंत नेलेली काच ती जागा आणखी बंदिस्त करते. गिझर इलेक्ट्रिक असला तरी वर फूटभर जागा मोकळी सोडावी. वाफ बाहेर पडते.