खरखरीला घाबरलेले रसिक

स्वतःला ‘ऑडिओफाइल’ म्हणवणाऱ्या मंडळींचा मला मनापासून वीट आला आहे. मोटारीच्या किमतीचे स्पीकर, मनगटाएवढ्या केबल, भिंतीभर फोम. आणि ऐकायचं काय? कोणा परदेशी गायिकेचं जॅझ, का तर तिच्या ओठांची उघडझाप ‘स्पष्ट’ ऐकू येते! अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी लावा म्हटलं की नाक मुरडतात. “रेकॉर्डिंग फारच खराब आहे हो.”

आहेच खराब. 1902 मध्ये गौहरजान कलकत्त्यात गायली तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यापुढे उभं राहून आवाज फेकायचा आणि तीन-साडेतीन मिनिटांत राग आटपायचा. पुढे मायक्रोफोन आला, पण तबकडी लाखेचीच राहिली. तिच्यात दगडाची पूड कालवलेली असे, पोलादी सुई झिजून खाचेत नीट बसावी म्हणून. तुम्हाला छळते ती खरखर बरीचशी या पुडीचीच. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. नासाला ते मुद्रण चाललं, यांच्या स्पीकरला चालत नाही.

मग येतात ‘स्वच्छ केलेल्या’ आवृत्त्या. खरखर जाते, आणि तिच्यासोबत तंबोऱ्याची जवारी, व्यंजनांची धार, तानेआधी घेतलेला श्वासही जातो. उरतो गोधडीखालून आलेला आवाज. अहो, खरखरीकडे दुर्लक्ष करायला कान मिनिटभरात शिकतात. संगणकाने कापलेला स्वर मात्र कोणताच कान परत जोडू शकत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. जुन्या सगळ्याच तबकड्या 78 फेऱ्यांच्या नव्हत्या. 74 ची तबकडी 78 वर फिरवली की काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये जाऊन पोचतो, लयही चढते. केबल बदलली की ‘स्टेज रुंदावला’ म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांना हे जाणवतं? मला तरी अजून कोणी भेटलेला नाही.

यंत्रांशी माझं वैर नाही. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. तिथे एलपीची बारीक सुई तळाशी लोळते आणि तिथला कचरा वाजवते. योग्य जाडीची सुई लावा, तीच तबकडी बोलायला लागते. खराब मुद्रणातून जास्तीत जास्त गाणं काढणं, हाच चांगल्या यंत्राचा उपयोग. तिथे पैसे खर्च करा, मी टाळ्या वाजवीन.

अल्लादिया खाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. 1922 मध्ये गेलेल्या भास्करबुवा बखल्यांचीही नाही. तिथे कोटीची यंत्रणाही निकामी. तेव्हा ज्यांची तीन मिनिटं हाती लागली आहेत, ती खरखरीसकट ऐका. नसेल जमत, तर खुशाल केबलवरची धूळ पुसत बसा. पण स्वतःला संगीताचे रसिक म्हणवू नका.