बेकार ठरवणार कोण? ठेकेदार?

दोस्तांनो, बेकारभत्त्याचं नाव काढलं की पांढरपेशांच्या कपाळाला आठ्या पडतात. आपल्याला फुकटे म्हणतात साले. फुकट काय मिळतंय? कामगार विम्यासाठी 2019 पासून शंभराला पाऊण रुपया आपल्या पगारातून कापतात, सव्वातीन मालकानं घालायचे.

याच विम्यातून 2018 साली नोकरी गेलेल्यांसाठी अटल योजना काढली. 90 दिवस, सरासरी मजुरीच्या पाव. 2020 ला पावाचं निम्मं केलं. ऐकायला झकास! पण मूळ अटी बघा: दोन वर्षं नोकरी, दर सहामाहीत निदान 78 दिवसांची वर्गणी, अन् गैरवर्तनावरून काढलेला नसावा.

आपली पोरं कुठं राबतात? ठेक्यावर. ठेकेदार पैसे कापतो आणि भरत नाही. युनियनचं नाव काढलं की गैरवर्तन लिहून मोकळा. म्हणजे ज्यानं पोटावर लाथ मारली, त्याच्याच कागदावर आपली बेकारी ठरणार. बाप पाटलाच्या तोंडाकडे बघायचा, आपण ठेकेदाराच्या.

1948 च्या विमा कायद्याचं कलम 40 साफ होतं: ठेक्यावरच्या माणसाची वर्गणी आधी मूळ मालकानं भरायची. तेव्हा जाब त्यालाच विचारायचा.

माझं म्हणणं एवढंच, खिडकीवर गयावया बंद. पगाराची चिठ्ठी, विमा नंबर जपा. अर्जाची पोच घ्या. नकार लेखी मागा, तोंडी 'नाही'वर अपील कशाचं करणार? आणि एकेकटे जाऊ नका. अख्खी वस्ती घेऊन जा. पैसे आपले आहेत.