जुनापाणीचे गोटे जागचे हलवू नका

मृगाआधी वावरं सपाट करायची, मुरूम काढून घ्यायचा, ही घाई नागपूरभोवती दरसाल असते. यंदा जेसीबी लावण्याआधी एकदा वावर पायी फिरून बघा, ही कळकळीची विनंती. काळ्या गोट्यांचा मोठा गोल आणि मधला भाग जरा उंच दिसला, तर तिथे कुदळ मारू नका. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपली माणसं तिथे पुरली आहेत.

काटोल रस्त्याकडच्या जुनापाणीला असे सुमारे ३०० गोल नोंदलेले आहेत. माहूरझरीच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे निघाले, तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. गुप्तधनाच्या नादात रात्री खड्डे करणाऱ्यांनी ऐकून ठेवावं: इथे निघतात ती मडकी, मणी आणि गंजलेल्या कुऱ्हाडी. हंडे-बिंडे नाहीत.

जुनापाणीच्या काही गोट्यांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले आहेत, बरेचदा दोन समांतर ओळींत. हे गोटे गोलातल्या ठरावीक दिशांना येतात, असं मोजमाप करणाऱ्यांना आढळलं. त्याचा सूर्य-ताऱ्यांशी संबंध असावा, असा काहींचा तर्क आहे. तो पडताळायचा तर गोटा जागेवरच हवा. उचलून धुऱ्याला लावला, की दगड राहतो आणि दिशा जाते. रविवारी पार्टीला जाणाऱ्यांनी चुलीसाठीही यातला गोटा ओढू नये.

जुनापाणी केंद्र सरकारचं संरक्षित स्थळ आहे. तिथे नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याने २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला जास्त धास्ती आहे ती यादीत नसलेल्या, कुणाच्या तरी खासगी वावरातल्या गोलांची. त्यांना ना फलक, ना चौकीदार. तिथे शेजारपाजारच्यांनीच लक्ष ठेवायला हवं. खोदकाम दिसलं तर लांबून फोटो काढा, तलाठ्याला, पोलीस पाटलांना सांगा आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. उद्यावर टाकाल तर तिथे नुसता खड्डा उरलेला असेल.

आणि प्लॉट घेणाऱ्यांनो, इसार देण्याआधी जवळपास संरक्षित स्थळ आहे का, ते विचारा. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. दलाल हे आपणहून सांगेल, या भरवशावर राहू नका.