डिस्क बदलली, हिशेबाचे काय?

लॅपटॉपची हार्ड डिस्क टकटक करू लागली की दुकानदार नवी बसवून घेतो आणि निर्धास्त होतो. डिस्क बाजारात मिळते. तीतली उधारीची खाती मिळत नाहीत. २०१७ च्या जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, हे व्यापारी बंधूंनी ध्यानात घ्यावे. आवाज येताच यंत्र बंद करावे. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिल्यास आतील तबकडीवर ओरखडे पडू शकतात. बदली २.५ इंची साटा एसएसडीच घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नाही, धक्क्याची भीती कमी. (पातळ लॅपटॉपची गोष्ट निराळी.) जुनी डिस्क मात्र कारागिराकडे सोडू नये. बंद पडलेल्या डिस्कमधूनही गिऱ्हाइकांची नावे, रकमा अनेकदा काढता येतात.